आईनं लग्न पाहायचं नसतं

लेकीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घरी आला तेव्हा तो सोडला नणंदबाईंनी. माझ्या नावापुढे "बी.एस्सी., बी.एड." छापलेलं त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "एवढी डिग्री लिहून काय फायदा, मास्तरीणबाई? तुले त लग्न पाहाताच येत नाई."

खरं होतं. आमच्याकडे लेकीवर अक्षता पडताना तिच्या आईनं पाहायचं नसतं. तिनं आत बसून तुळशीला पाण्याची धार धरायची, मंगलाष्टकं संपेपर्यंत. का, तर आईची दृष्ट लागते. पोटात वागवताना लागली नाही, बारावीच्या पेपरांना मी रोज केंद्राच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा लागली नाही. नेमकी मांडवात लागते.

मला मात्र पाहायचं होतं. दागिने, रुखवत, जेवण, सगळं मी दुसऱ्यांवर सोडायला तयार होते. अंतरपाट खाली येतो आणि ती मान वर करते, तेवढा एक क्षण मला हवा होता. माझ्या आईला तो मिळाला नव्हता. माझं लग्न लागत होतं तेव्हा ती घरामागे, वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी, तुळशीसमोर बसली होती. पुढे कितीतरी वर्षं मला विचारायची, "हार पयले कोनं टाकला व?" मी सांगायची. ती ऐकायची आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारायची.

माझे वडील गावच्या तलावात मासे धरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यांच्यामुळे आणि चार भल्या शिक्षकांमुळे मी शिकले, हे उपकार मी कधी विसरत नाही. आज मी सातवीला विज्ञान शिकवते. अंधश्रद्धेवर कार्यक्रम असला की भाषण माझंच असतं. लिंबू-मिरची, मांजर, ग्रहण, सगळ्यांचा मी पाच मिनिटांत निकाल लावते. तेच सगळं मी नणंदबाईंनाही ऐकवलं. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "नको ऐकू. पाह्य खुशाल. पन उद्या पोरीच्या घरी काई झालं त लोकं तुलेच म्हनतीन."

या वाक्याला सातवीच्या पुस्तकात उत्तर नाही. बी.एड.लाही ते शिकवलेलं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "एवढं एक आयक नं. बाकी सारं तुयाच मनानं होऊन राह्यलं." माझ्या मनानं झालेली एकच गोष्ट म्हणजे पत्रिकेतली ती डिग्री.

व्याही बल्लारपूरचे. माणसं चांगली आहेत, हे मी आजही म्हणते. बोलणीच्या दिवशी त्यांनी हात जोडून सांगितलं, "आमाले काई नको. फक्त शूटिंग जरा चांगली पाह्यजे." आम्ही भारावून गेलो. पुढे कळलं की 'जरा चांगली' म्हणजे तीन कॅमेरे, लांब मानेची एक क्रेन आणि एक ड्रोन.

चामोर्शीत रस्त्याकडेचं एक लॉन ठरलं. लग्नाच्या दिवशी लेकीच्या बाशिंगाची गाठ मी नीट केली, आणि लगेच नणंदबाईंनी माझा दंड धरून मला कोठीच्या खोलीत नेलं. तिथे बुंदीची भरली-रिकामी टोपली, वांग्यांची पोती, तांदळाच्या कट्ट्यांची छताला टेकेल अशी थप्पी आणि तेलाच्या डब्यात लावलेली आमच्या अंगणातली तुळस. मला स्टुलावर बसवलं, शेजारी बादली ठेवली, हातात तांब्या दिला. "धार बारीक ठेव. तुटू देऊ नको," असं बजावून त्या निघाल्या. पहिल्या रांगेतला सोफा त्यांनी आधीच रुमाल टाकून धरून ठेवला होता.

भोंग्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. मी धार धरली. माझ्या लेकीचं लग्न मी वांग्यांच्या सोबतीनं ऐकत होते.

तिसरं मंगलाष्टक संपतं न संपतं तोच माइकवरचा माणूस ओरडला, "थांबा, थांबा! आपल्या सर्वांचे लाडके भाऊ यांचे आगमन होत आहे!" लग्न थांबलं. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार धरून उभी, माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी, आणि भाऊंना शेला-टोपी. माझ्या नवऱ्याचा आवाज मला भोंग्यावर दोनदा ऐकू आला, दोन्ही वेळा "भाऊ, इकडून या" एवढाच. मग भाऊ बोलायला लागले. आधी रस्त्यावर बोलले, मग पुलावर, मग विरोधकांवर. शेवटी "आज आपली कन्या" म्हणून अडखळले. कागद उलगडल्याची खसखस भोंग्यावर स्पष्ट ऐकू आली, आणि मग माझ्या लेकीचं नाव. जिचं नाव चिठ्ठी पाहून वाचावं लागलं तिचं लग्न भाऊंनी मंचावरून पाहायचं. त्यांची दृष्ट लागत नाही. बहुतेक निवडून आलं की दृष्ट जाते.

माझा प्रश्न वेगळाच होता. धार चालू ठेवायची की नाही? मंगलाष्टकं थांबली होती, संपली नव्हती. विचारायला नणंदबाई नव्हत्या. प्रयोग अर्धवट सोडायचा नाही, असं मी मुलांना सांगते. मी ओतत राहिले. डबा भरला, वाहायला लागला, पाणी फरशीवरून तांदळाच्या थप्पीकडे निघालं आणि थप्पीमागून कुणीतरी किंचाळलं.

"ओ बाई! पानी थांबवा! इथी करंट आहे!"

मी तांब्या टाकून थप्पीला वळसा घातला. मागे शूटिंगवाल्यांचा मुख्य माणूस टेबल मांडून बसला होता. चाळिशी उलटलेला, कानावर हेडफोन, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. जनरेटरची लाइन फक्त याच खोलीत येत होती म्हणे. त्यानं प्लगांचा बोर्ड उचलून खुर्चीवर ठेवला आणि माझ्या शालूकडे पाहिलं.

"तुमी नवरीच्या आई नं? लग्न तिकडं लागून राह्यलं, अन् तुमी इथी काऊन?"

"आईनं पाहायचं नसते," मी म्हणाले.

त्यानं खर्रा या गालातून त्या गालात नेला. "मंग हे पाहा," म्हणून टेबलावरचा टीव्ही माझ्याकडे वळवला. "हे काई लग्न नोहे. हे शूटिंग आहे."

इतक्या वर्षांच्या भाषणांत मला एवढं साधं सुचलं नव्हतं.

पडद्यावर तीन चौकोन होते. एकात भाऊ, एकात सगळा मांडव, आणि एकात माझी लेक. नाकावर घामाचे थेंब. खालचा ओठ दाताखाली, गणिताच्या पेपराला धरायची तसा. त्या बाजूची लिपस्टिक सगळी पोटात गेलेली. तो माणूस हेडफोनवर क्रेनवाल्याला सांगत होता, "तीन नंबर, भाऊले सोड, नवरीवर ये... नाराज झाले त होऊ दे! लग्न भाऊचं हाये का?"

तेवढ्यात नणंदबाई आल्या. मूठ अक्षतांसकट तशीच. आधी ओली फरशी पाहिली, मग रिकामं स्टूल, मग मला.

"हे काय व? तुले सांगतलं होतं नं!"

"शूटिंग आहे, बाई," मी म्हणाले. "लग्न नाही पाहत."

त्या ओरडायच्या बेतात होत्या. पण नजर पडद्यावर गेली आणि तोंड उघडंच राहिलं. "इथी त सारंच दिसते!" मग एकदम चिडून म्हणाल्या, "तिकडं नुसत्या पाठी. क्यामेरावाल्याईनं भिंत केली. मी सोफ्यावर चढली तरी नाई दिसलं." एवढं म्हणून त्यांनी बुंदीचं रिकामं टोपलं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. "सरक थोडी." आणि मग माझ्याकडे न पाहता, "माया पोरीच्या वक्ती मीनं बी धारच धरली होती."

भाऊ बसले. उरलेली मंगलाष्टकं झाली. अंतरपाट खाली आला. हेडफोनवाला म्हणाला, "नवरीले म्हना, इकडं पाहाले," आणि माझ्या लेकीनं मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. हार आधी तिनं टाकला. नणंदबाईंनी मुठीतल्या अक्षता टीव्हीवर फेकल्या. "ओ बाई, मशीन!" तो ओरडला.

संध्याकाळी गाडीत बसायच्या आधी लेक गळ्यात पडली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तू पाह्यलंच नाही नं?"

मी तोंड उघडायच्या आत नणंदबाई मध्ये आल्या. "शूटिंग पाह्यली तिनं. शूटिंग पाह्यल्यानं काई होत नाई. मी होती नं बाजूले."

मला हसू आलं, आणि ते आवरेना. बल्लारपूरच्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. पोरीची आई रडायचं सोडून हसते, हे काही त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. क्रेन माझ्याकडे वळली. थप्पीमागचा तो माणूस तेव्हा आपल्या वायरी गुंडाळत असणार. नाहीतर त्यानं नक्की सांगितलं असतं की तीन नंबर, तिथेच थांब.