अभ्यासिकेच्या जागेवरचं झाड

लातुरात क्लासेसचा जोर होता तेव्हा चौकाचौकात आमचे चेहरे लागलेले असत. माझाही फ्लेक्स होता. हाताची घडी, उसनं हसू आणि खाली 'बॉटनीचा बादशहा'. तो लावला होता त्याखाली उघडं गटार होतं आणि येता-जाता लोक तिथंच थुंकत. तेव्हा मला त्या लोकांचा राग यायचा. आता वाटतं, बरोबर जागी थुंकत होते.

मी मूळचा नांदेडचा. स्वभावानं घुमा. घरातही हे कुणाला सांगितलेलं नाही.

दोन बॅचेसच्या मधली वेळ होती. हॉलमध्ये मोजे, मेसच्या डब्यातलं शिळं तेल आणि डोक्याला थापलेलं खोबरेल यांचा मिळून एक वास कोंडलेला. माझ्या टेबलाभोवती शंका विचारायला पाच-सहा मुलं उभी होती आणि क्लासचे मालक शेजारी चहा पीत होते. तेवढ्यात एक वयस्कर माणूस आत आला. पांढरी टोपी, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली.

"काय चाचा?"

"सर, ह्ये झाड कुठलं तेवढं सांगा. तुमी लिहून दिलं तरच वाचतंय."

भूकंपात गाव पडलं आणि दुसरीकडं नवं वसवलं, अशा एका गावचा तो शिंपी. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते त्या वर्षी बाहेरून मदतीला आलेल्या लोकांनी घरटी एक रोप वाटलं होतं. बाकीच्यांची शेळ्यांनी खाल्ली नाहीतर वाळली. याचं जगलं. वीसेक वर्षांत मोठं झालं. आता गावाला त्याच जागी अभ्यासिका बांधायची होती, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी. सरपंच म्हणाले होते, लातूरच्या सरांकडून लिहून आण. दुर्मीळ असेल तर इमारत दहा फूट मागं घेऊ, साधं असेल तर सोमवारी तोडू.

"पोरगी गेली माझी, त्या सालचं हाय," एवढंच तो वर म्हणाला.

त्यानं कापडाच्या पिशवीतून चार फोटो काढले. स्टुडिओत जाऊन मोबाइलवरून काढून आणलेले. एकात सरळ सोट उभं झाड. दुसऱ्यात तळहातावर पान, रुंद आणि जाडजूड. तिसऱ्यात बुंध्याला गुंडाळलेली टेप, आकडा दिसेल अशी. चौथ्यात चहाच्या कपाशेजारी ठेवलेलं कपाएवढंच हिरवं, खवल्याखवल्यांचं फळ.

असलं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण क्लासच्या सरानं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. पोरं दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासला जाऊन बसतात.

"चाचा, पान रुंद आहे. म्हणजे आंबा-जांभळासारखंच, शोभेचं काहीतरी. सूचिपर्णी असतं तर सुईसारखी पानं असती. दुर्मीळ वगैरे काही नाही."

"पन सर, ह्या फळाला गर न्हाई. पिकलं की खवले सुटून गळतंय. खोडाला टोचलं की राळ येती. बारा महिने हिरवं ऱ्हातंय."

"चीक बऱ्याच झाडांना येतो हो. तुम्ही काय बॉटनीचा क्लास काढता का आता?"

मुलं हसली. मालकही हसले. तो पण थोडा हसला, त्यांच्याबरोबर.

"बरं सर. तुमी म्हनता तर." फोटो ठेवून गेला. म्हणाला, पोरांना दाखवा.

दाखवले. पानाचा आणि फळाचा फोटो शुक्रवारच्या चाचणीत टाकला. ही वनस्पती अनावृत्तबीजी, म्हणजे फळात न झाकलेल्या उघड्या बियांची, आहे की नाही? माझ्या उत्तरसूचीत, नाही. शनिवारी देगलूरकडची एक मुलगी उभी राहिली.

"सर, ऑब्जेक्शन आहे. हे खवले पाकळ्या नाहीत, शंकूच हाय हा. ह्याच्यात बी उघडंच असणार. आन पानाला मधली शीर कुठाय?"

"मॅडम, तुम्ही या इकडं. मी बसतो तुमच्या बाकावर."

हॉल खदखदला. ती बसली. वर्षभर तिनं पुन्हा हात वर केला नाही.

मधली शीर खरोखर नव्हती. दुपारी कॉम्प्युटरवर चारही फोटो एकेक करून ताडून पाहिले. अर्धा तासही लागला नाही. कौरी. दूरच्या दक्षिणेकडच्या देशांतलं सूचिपर्णी, पण सुईचं पान नसलेलं. एकमेकींना समांतर शिरा, सोलणारी साल, राळ, खवले सुटणारा शंकू. आपल्याकडे एखाद्या जुन्या बागेत असलं तर असेल. मराठवाड्याच्या उन्हात एका शिंप्यानं ते वाढवलं होतं.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "सर, आता आन्सर-की बदलली तर सगळ्यांची रँक हलते. पालक येऊन बसतेत डोक्यावर. आपली की चुकत नस्ते."

मी मान हलवली. एका फोटोच्या मागं शिंप्याचा मोबाइल नंबर होता. त्याला एकट्याला फोन केला असता तर कीला धक्काही लागला नसता. पण त्याला लिहून दिलं, तो कागद गावात फिरला, इथं आला, पोरांनी पाहिला, तर? एवढाच हिशोब. रविवारी दिवसभर घरी होतो. मटण खाल्लं, दुपारी झोपलो, उठून चहा घेतला. फोन उशापाशीच होता.

सोमवारी झाड तोडलं.

पुढं अभ्यासिकेच्या उद्घाटनाला मलाच बोलावलं. आणि मी गेलो. वृक्ष आणि विद्यार्थी या विषयावर पाऊण तास बोललो. खिडकीबाहेर नालीच्या कडेला मुळाचा एक तुकडा पडला होता. त्यावरच्या राळेत माश्या चिकटून मेल्या होत्या आणि तो वास थेट स्टेजपर्यंत येत होता. माझ्या अंगावर शाल घालायला शिंप्यालाच पुढं केलं. गावातला जुना माणूस म्हणून. त्यानं शालीचं टोक माझ्या खांद्यावर नीट दुमडलं, मापाचं काम करतात तसं.

जेवणं झाल्यावर तो बाजूला घेऊन म्हणाला, "सर, गेलं ते गेलं. पन नाव काय हुतं हो त्याचं? पोरीच्या नावासंगं वहीत लिहून ठिवतो."

नाव जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर त्यानं पुढचं विचारलं असतं, कधी कळलं तुम्हाला.

"चाचा," मी म्हणालो, "नक्की मला माहीत नाही."

"असू द्या सर. तुमाला न्हाई म्हाईत तर कुनाला असणार," तो म्हणाला आणि खुर्च्या एकावर एक रचायला गेला.