फुलस्टॉपनंतर एक की दोन

जयमाला भिंगारदिवेला टायपिंग शिकवलं ते सूर्यभान सरांनी. लष्कराच्या कचेरीत तीस वर्षं हेडक्लार्की करून ते निवृत्त झाले होते आणि भिंगारच्या बाजारात एका माडीवर पाच मशिनी मांडून बसले होते. त्यांचे नियम पक्के. फुलस्टॉप आला की अंगठा स्पेसबारवर दोनदा पडलाच पाहिजे, मगच पुढचं वाक्य. कुणी एकदाच दाबला तर सर पाठमोरे असले तरी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. "जयमाला, एक खाल्लीस," ते म्हणायचे, आणि पान पहिल्यापासून सुरू.

इंग्रजी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. वडील उत्तमराव कॅन्टोन्मेंटच्या बागेत माळी. घरात खुर्चीवर बसून काम करणारी ही पहिलीच. पंच्याण्णव साली सुप्याच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांसाठी टायपिस्ट म्हणून घेतलं. पुढचं काम बघून ठरणार होतं.

तिथं तिला साहेब दोन. कामगार विभागाचे रामहरी गाडे पन्नाशीचे, जुन्या वळणाचे. त्यांना दोनच स्पेस हव्यात. एक्स्पोर्टच्या धनश्री बोरा मॅडम पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आलेल्या, त्यांना एकच. जयमालाने दोघांचं सांभाळून घेतलं. गाडेसाहेबांचं पत्र असलं की दोन, मॅडमचं असलं की एक, असं मनाशी घोकत ती मशिनवर बसायची. सवय दोनची असल्यामुळे मॅडमची पत्रं तिला हळूहळू टाईप करावी लागत.

चार महिने निभावलं. मग परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार म्हणून सुरक्षिततेच्या नियमांची चौदा पानं इंग्रजीत करायची ठरली. त्यावर सही दोघांची. जयमालाने सवयीप्रमाणे दोन स्पेस देऊन पानं केली. मॅडमनी प्रत्येक फुलस्टॉपपुढे लाल पेन्सिलीने खूण करून परत पाठवली. तिने सगळी एका स्पेसने पुन्हा केली. ती पानं गाडेसाहेबांकडून परत आली. वर शेरा होता, 'टायपिस्टला प्राथमिक नियम माहीत नाहीत.'

तो शेरा तिला झोंबला. चुकीसाठी बोलणी खायला तिची ना नव्हती. पण ही चूक तिची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई डबा भरत असताना तिने सांगितलं, की आज कारखान्याच्या मोठ्या साहेबांना भेटणार आहे. चांगुणाबाईंचा हात थांबला. "आगं, कागदावरल्या मोकळ्या जागंपायी हातची नोकरी घालवती का काय? दोन म्हयने तर ऱ्हायल्यात. गप ऱ्हा ना."

"गप राहिले तर तो शेरा माझ्या नावावर कायमचा राहील, आई," जयमाला म्हणाली आणि पिशवी उचलून एस.टी. गाठायला निघाली.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये तिने दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "साहेब, हे एकच काम मी दोनदा केलं. दोन्हींत स्पेलिंगची चूक एकसुद्धा नाही. तरी दोन्ही परत आले."

साहेबांनी पानं उलटली. "फरक काय आहे यांच्यात?"

तिने दाखवला. साहेब हसले. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच अठ्ठावीस पानं झाली, साहेब. दोन्ही पद्धती चालतात. माझं म्हणणं एवढंच की कंपनीची पद्धत एक असावी, आणि ती लेखी असावी. मग माझी चूक झाली तर मला खुशाल बोला."

साहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी गाडे आणि बोरा दोघांनाही बोलावून घेतलं. अर्धा तास बोलणं झालं. वर्षभरात सगळं काम कॉम्प्युटरवर जाणार, तेव्हा आतापासूनच एक स्पेस, असं ठरलं. गाडेसाहेब नाराज झाले, पण स्वतःचा शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

जयमाला बाहेर आली ती थोडी हिरमुसूनच. तिने नियम मागितला होता आणि नियम आला तो तिच्याच सवयीच्या विरुद्ध. आता अंगठा वळवल्याशिवाय सुटका नव्हती. ती पहिल्या एस.टी.ने येऊ लागली आणि काम सुरू होण्याआधी अर्धा तास चार-चार शब्दांची वाक्यं टाईप करू लागली. वाक्य जितकं छोटं तितके फुलस्टॉप जास्त. अंगठा आपोआप दुसऱ्यांदा पडायचा. ती कागद काढायची, नवा घालायची. सतराव्या दिवशी अख्खं पान बिनचूक उतरलं.

सहा महिने संपले तेव्हा ती कायम झाली. पेढे घेऊन ती सरांच्या माडीवर गेली आणि न लपवता सगळं सांगितलं. सरांनी पेढा तसाच हातात धरला. "बस. टाईप करून दाखव."

तिने चार ओळी केल्या. सर डोळे मिटून ऐकत होते. "कानाला अर्धवट लागतं," ते म्हणाले.

"वाचायला लागत नाही, सर."

त्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला, दोनदा वाचला. मग पेढा तोंडात टाकला. "आता माझे हात थरथरतात. सुट्टीच्या दिवशी येऊन पोरींना शिकवशील? पण दोनच शिकवायच्या. परीक्षेत अजून दोनच मागतात."

"दोनच शिकवीन, सर. पण नोकरी लागली की पहिल्याच दिवशी साहेबाला विचारा, असंही सांगीन."

दाराजवळच्या खिळ्यावरची माडीची जादा किल्ली काढून सरांनी तिच्यापुढे धरली.