आत्याबाईंचा सव्वा महिना

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई धुरपताबाईंनी, केळझरच्या आसपासच्या खेड्यांत किती लेकरं जगात आणली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दाई म्हणून त्यांचं मोठं नाव होतं, आणि माझ्या डोक्याला मोठा ताप होता. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावची जुनी कामं सोडली. आत्याबाईंनी दाईपण तेवढं सोडलं नाही. "येणारं लेकरू थांबते काय?" म्हणायच्या आणि पदर खोचून निघायच्या; पुष्कळदा तेलाची बाटली धरायला मलाही न्यायच्या.

बाळंतिणीच्या बाबतीत त्या भारी कडक. सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. माझी कमल झाली तेव्हा त्यांनी मला बाजेवरून हलू दिलं नाही. खाली शेगडी, डोक्याला फडकं, कानात कापूस, नाकातोंडात ओव्याचा धूर. एकदा मी चोरून तांब्याभर थंड पाणी प्याले, तर साऱ्या वस्तीसमोर माझा उद्धार झाला.

आणि स्वतः? पाच बाळंतपणं झाली त्यांची, एकदाही आठवडाभर निजल्या नाहीत. आमचे हे झाले तेव्हा तर तिसऱ्याच दिवशी कोणाची तरी बायको अडली, म्हणून तान्ह्याला शेजारणीकडे टाकून तीन मैल चालत गेल्या. हे त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या. मला ऐकून चीड यायची.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात कापूस वेचता वेचता त्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसल्या, त्या उठेचनात. पाय सुजलेले, श्वास लागलेला. बैलबंडीत घालून वर्ध्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय थकलंय त्यांचं. महिना-सव्वा महिना अंथरूण सोडायचं नाही. सोडलं तर त्या उन्हाळा पाहणार नाहीत."

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाई अंगण सारवत होत्या.

"आत्याबाई, डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं तुमाले?"

"तिचं काय जाते सांगाले? दिवसा बाजेवर निजते ते एक बाळंतीण, नाईतर मढं. मी दोन्ही नाई."

यांना सांगितलं, तर "मायले समजावणं माह्यानं होत नाई," म्हणत हे वावरात निघून गेले. मग मी चपला लपवल्या, त्या अनवाणी गेल्या. तेलाची बाटली लपवली, तर शेजारच्या तानाबाईकडून मागून घेतली. पाचव्या दिवशी असंच कुठलंसं बाळंतपण आटोपून आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. तोंडानं श्वास घेत होत्या, ओठ काळेनिळे पडले होते. तशातही माझ्याकडे पाहून हसल्या. "पोरगा झाला!"

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी त्यांना खांद्यांना धरून आणलं आणि बाजेवर निजवलं. खाली शेगडी सरकवली. माझ्याच बाळंतपणातलं फडकं त्यांच्या डोक्याला बांधलं, निखाऱ्यावर मूठभर ओवा टाकला.

"काय करून राह्यली व तू?"

"दिवसा बाळंतीण निजते म्हणता ना? मंग आजपासून तुमी बाळंतीण. पाच लेकरं झाली, एकाचा तरी सव्वा महिना पुरा करा."

"लोक हासतीन व पोरी!"

"हासू द्या. तुमच्या लेकाले तिसऱ्या दिवशी टाकून गेलत्या ना? त्याचाच धरा."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पाठीला तेल लावताना त्यांचे खांदे हलताना दिसले. मलाही रडू आलं, पण मी रागात होते, म्हणून तशीच चोळत राहिले.

पुढचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. शेगडी जास्त झाली, कण्या पातळ झाल्या, फडकं सैल बांधलं, दिवसातून वीस हाका. दारावर कोणी आलं की मी म्हणायची, "घरात बाळंतीण हाय." आतून आत्याबाई ओरडायच्या, "खोटी बोलते ते!" पण दुपारी त्यांचा डोळा लागायचा आणि चक्क घोरायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना दिवसा घोरताना मी पाहिलं नव्हतं. पायांची सूज उतरू लागली.

सोळाव्या दिवशी दुपारी पलीकडच्या खेड्यातला नत्थू बंडी घेऊन आला. त्याची बायको सकाळपासून अडली होती. "धुरपताबाई, चाला," एवढंच म्हणाला आणि दारात उभा राहिला. आत्याबाई कोपरावर उठल्या. पाय खाली सोडले. मी बोलून बोलून थकले होते, आणि नत्थूचं तोंड पाहून 'जाऊ नका' म्हणवतही नव्हतं.

आत्याबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग एकेक करून ते परत बाजेवर घेतले.

"मी बाळंतीण हाव, नत्थू," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेले घेऊन जाय. पाच साल माह्या हाताखाली हाय. तिले सारं येते."

पाच वर्षं मी रोज ऐकत आले होते की मला काही येत नाही! भांडायला वेळ नव्हता. कमलला तानाबाईकडे दिलं, बाटली घेतली, पदर खोचला आणि बंडीत बसले.

"गुलाब!" मागून आवाज आला. "लेकरू झालं का तिथंच जरा निजजो. माह्यासारखी धावत येऊ नको."

नत्थूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी मात्र निजले नाही. नत्थू बंडी जुंपीपर्यंतही दम निघेना. घरी त्या एकट्या असतील, शेगडी विझली असेल, बाई उठून कामाला लागल्या असतील, म्हणून पायीच निघाले. दिवे लागायच्या वेळी धापा टाकत उंबऱ्यात पोचले.

आत्याबाई बाजेवरच होत्या. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"आता तुले कोन बांधून ठेवन व?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे सरकून त्यांनी बाजेवर माझ्यासाठी जागा केली.