विहीणबाईंचं स्वच्छ कपाळ

लग्नाचा फोटो माणसं कशी दिसत होती ते लक्षात राहावं म्हणून काढतात, असा माझा समज होता. बडोद्यात कारेलीबागेत सासरी आल्यावर कळलं की माणसं कशी दिसायला हवी होती ते पाहुण्यांना कळावं म्हणून काढतात.

सासऱ्यांची साठीशांत ठरली, हॉलला नवा रंग लागला आणि सोफ्यामागच्या भिंतीवर काहीतरी मोठं हवं यावर घरात एकमत झालं. देवाचं चित्र लावलं तर त्याच्याकडे पाठ करून बसायचं कसं, ही अडचण. धबधबा लावला तर दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. शेवटी आमच्या लग्नातला फोटो निवडला. मी, नवरा आणि दोन्हीकडचे आईवडील. तो सोफ्याएवढा रुंद करून कॅनव्हासवर छापायचा.

निवडला म्हणजे वन्संनी निवडला. वन्सं नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न करून याच सोसायटीत दोन बिल्डिंगा सोडून गेल्या, त्यामुळे त्यांचं माहेर कधी सुटलंच नाही. त्यांना अभिमान दोन गोष्टींचा, घराण्याचा आणि स्वतःच्या आवडीनिवडीचा. घराण्याचा म्हणजे, संस्थानच्या काळात यांचे कोणी पणजोबा सरकारी नोकरीत होते. कुठल्या हुद्द्यावर, असं विचारलं की लगेच चहा येतो. माझे वडील रेल्वेच्या यार्डात फिटर, हे मात्र मी कोणी न विचारता सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे आणि एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर दोन निळ्यांमधला फरक शोधते, म्हणून माणसांमधलाही जरा पटकन दिसतो.

"फोटो आहे तसाच लावायचा?" वन्सं म्हणाल्या. जणू मी न निवडलेली मेथी शिजवायला निघाले होते. "अगं, आजकाल कुणीच असा कच्चा फोटो लावत नाही. एडिट करून घेऊ, एकदम सरस होईल."

नवरा म्हणाला, "तुम्ही ठरवा." तो सगळ्याच बाबतीत हे म्हणतो, म्हणून त्याचं सगळ्यांशी पटतं.

मग आम्ही दोघी मांडवीजवळच्या एका स्टुडिओत गेलो. जिना चढून गेलं की समोरच्या भिंतीवर नवऱ्याच नवऱ्या. मराठी, गुजराती, कुणी सिंधी. सगळ्यांचा रंग एक, गाल एक, नाकाचा शेंडाही एकच. एका आईच्या पोटी एकाच दिवशी जन्मल्यासारख्या. वन्सं त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "किती गोड दिसतायत ना?" मला त्यातली कुठली कोण हेच कळेना.

एडिटिंग करणारा गुजराती होता, गालात मावा, गळ्यात इयरफोन. त्याने आमचा फोटो पडद्यावर उघडला. वन्सं त्याच्या खुर्चीला खेटून उभ्या राहिल्या आणि फर्मावलं, "पहेलां वहुने लई लो."

वहु म्हणजे सून. म्हणजे मी.

"केटलां फेअर करवानां?" त्याने विचारलं.

चहात साखर किती, याचा करावा तसा विचार वन्संनी केला. "बस, नेचरल लागे एटलां."

त्याने एक पट्टी उजवीकडे सरकवली आणि मी जाऊ लागले. आधी गळ्याचा रंग गेला, मग गालांचा, मग हळद गेली. ती हळद माझ्या मावश्यांनी सकाळी कानामागपर्यंत चोळली होती, दोन दिवस निघाली नव्हती. इथे एका टिचकीत निघाली. उरली ती एक गुलाबी बाई, माझी साडी नेसलेली. आमच्या लॅबमध्ये असा शेड आला असता तर मी अख्खी बॅच परत पाठवली असती.

तरी म्हटलं, होऊ दे यांची हौस. मग सासूबाईंच्या मानेवरच्या वळ्या गेल्या. सासऱ्यांचं पोट आत गेलं, जे काम त्यांच्या डॉक्टरांना आजवर जमलेलं नाही. नवऱ्याच्या कपाळावर चार केस उगवले. वन्सं एकेका अवयवावर बोट ठेवत होत्या आणि तो माणूस कंटाळून टिचक्या मारत होता. त्याला कुणाचंच काही पडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत मला तो एकटाच प्रामाणिक वाटला.

मग तो माझ्या आईवर आला.

"आ माजीना कपाळ पर डाघ छे," तो म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत कपाळ साफ झालं. मागोमाग हनुवटी.

आईच्या दोन भुवयांच्या मधोमध गोंदलेली हिरवी टिकली आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके. मला आईचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आधी ते ठिपके आठवतात, मग बाकीची आई. पडद्यावर आता जी होती ती कुठल्याही शाळेची निवृत्त बाई शोभली असती. चांगली दिसत होती. पण माझी कोणी लागत नव्हती.

"भाई, ए डाघ नथी," मी म्हटलं. "गोंदण आहे. पाछुं लावो."

त्याने मुकाट्याने परत आणलं.

"अगं पण छान दिसत होतं," वन्सं म्हणाल्या. "स्वच्छ."

"म्हणजे आता घाण दिसतंय?"

"तू ना, सरळ बोललं तरी भांडण काढतेस. लोक विचारतात गं. लग्नातसुद्धा विचारत होते."

"काय विचारत होते?"

"हेच, की तुमच्या विहीणबाई कुठल्या म्हणून."

हा प्रश्न मी बडोद्यात लहानपणापासून ऐकते. गुजराती शेजारणी 'तमे केवा?' म्हणतात, आपली माणसं 'कुठल्या' म्हणतात. गावाचं नाव कोणालाच नको असतं, जात हवी असते. फरक एवढाच, की गुजराती शेजारीण तोंडावर विचारते.

"भुसावळकडच्या, असं सांगायचं होतंत," मी म्हटलं.

वन्सं लाल झाल्या. खुर्चीवरचा माणूस आमच्याकडे वळला. "घरमां नक्की करी लो, पछी आवो," म्हणाला. त्याने दोन्ही नमुने कागदावर छापून माझ्या हातात दिले, एक गोंदणाचा, एक साफ.

जिना उतरताना वन्सं म्हणाल्या, "तुझ्या आईंनाच विचार ना. त्या साफ चालेल म्हणाल्या, तर तुझी काही हरकत नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं. हसलेसुद्धा असेन. निकाल माझ्या बाजूने लागल्यातच जमा होता.

रविवारी मी आईकडे, रेल्वेच्या क्वार्टरवर गेले. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. मी दोन्ही कागद ओट्यावर ठेवले आणि घडलेलं सगळं सांगितलं, वन्संच्या आवाजाची नक्कल करून. आईला हसू येईल असं वाटलं होतं. तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद खिडकीशी नेले आणि खूप वेळ पाहत राहिली. मग साफ कपाळाचा माझ्यापुढे धरला.

"हा लाव."

"आई, हा त्यांनी पुसलेला आहे."

"कळते मले. डोये शाबूत आहेत."

"अगं पण गोंदण..."

"काय गोंदण गोंदण करू राह्यली? आठ वर्षांची व्हती मी. दोघी मावश्यांनी हात धरले, आत्यानं डोकं धरलं. मले कोनी इचारलं व्हतं?"

मी तिला तिचंच बोलणं ऐकवलं. सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं, असं तीच सांगायची.

"मेल्यावर येईन ना? मंग येऊ दे मेल्यावर. भितीवर कायले पाह्यजे?"

"ही आपली कला आहे, आई. लोक आता मुद्दाम पैसे देऊन..."

"तुले एवढा अभिमान आहे, तर तू गोंदून घे."

आईने तवा उतरवला आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"तुह्या लग्नात ती मामेसासू आली जवय. माह्यी हनुवटी धरली अन् अंगठ्यानं घासून पाह्यली, जाते का म्हनून. चार बायांसमोर. मी हसली. काय करते? पोरीचं लगन व्हतं. आता तेच सोफ्यावर टांगून ठेवते? ते येतीन, बसतीन, अन् परत पाहतीन."

"पाहू दे ना. त्यांना आपण कशाला घाबरायचं?"

"तुले काय जाते?" आई म्हणाली. "कपाय माह्यं आहे का तुह्यं?"

मामेसासूबाईंचं हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा स्टेजवर बसून फोटोसाठी हसत होते. मला संताप आला. मामेसासूबाईंचा आला, वन्संचा आला आणि आईचाही आला, की त्या बाईचा अंगठा तिने तिथल्या तिथे का नाही पिरगळला. पण आईला उपदेश करण्याचा माझा हक्क तिने नुकताच काढून घेतला होता, आणि तो मागून परत मिळण्यातला नव्हता. भाकरी खाल्ली आणि निघाले.

पुन्हा स्टुडिओ, पुन्हा वन्सं.

"आईचं कपाळ साफ ठेवा," मी सांगितलं.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" वन्संचा चेहरा कुठलीही पट्टी न सरकवता उजळला. "त्या समजूतदार आहेत, तूच उगाच..."

"आणि मला होते तशी करा."

"म्हणजे?"

"आईच्या कपाळाचं आईने ठरवलं. माझ्या तोंडाचं मी ठरवते. बधुं पाछुं लावो, भाई. हळदसुद्धा."

"अगं हॉलमध्ये लावायचाय!"

"हॉलमध्ये मी रोज असतेच की, वन्सं. भिंतीवर गोरी आणि चहा घेऊन येणारी सावळी, असं बघून पाहुणे दुसरी सून शोधायचे."

खुर्चीवरचा माणूस पहिल्यांदाच हसला, मावा सांभाळत. पट्टी डावीकडे सरकली आणि मी परत आले. वन्संबरोबर परत येताना रिक्षात इतकी शांतता मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

साठीशांतीच्या दिवशी फोटो भिंतीवर होता. खाली सोफ्यावर आई बसली होती, तिची नेहमीची हिरवी टिकली आणि तीन ठिपके घेऊन, आणि कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. सगळे वर पाहत होते. मामेसासूबाई आल्या, चष्मा लावून भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"विहीणबाई काय सुरेख आल्यात गं! अगदी चांगल्या घरातल्या वाटतात." मग नजर माझ्या फोटोवर सरकली. "पण मग ही पोरगी अशी कोणावर गेली?"

माझ्या तोंडात तीन उत्तरं होती, तिन्ही न छापण्याजोगी. पण आईच आधी बोलली, सोफ्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बापावर गेली. हट्टीबी तशीच आहे."

मामेसासूबाई हसल्या. आईही हसली, डोक्यावरचा पदर मागे सरकून सगळं कपाळ उघडं पडलं तरी तिने तो पुढे ओढला नाही. मी बासुंदीचं पातेलं घेऊन आले आणि दोघींना वाढलं. मामेसासूबाईंना साय जरा कमीच वाढली.