पहिले साठ फूट

नवऱ्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी ड्रॅग रेसिंगचं खूळ लागलं. शहरापासून दोन तासांवर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे अधूनमधून रविवारी रीतसर परवानगीने या शर्यती होतात. सरळ रस्ता, पाव मैल अंतर, दोन गाड्या शेजारी शेजारी. हिरवा दिवा लागला की निघायचं, आधी पोचेल तो जिंकला. आमची आठ वर्षांची सेडान घेऊन तो पहिल्यांदा गेला, तेव्हा दिवा लागल्यावर शेजारची गाडी निघून गेली आणि आमची जागच्या जागी चाकं गरगर फिरवत धूर काढत राहिली.

घरी येऊन तो म्हणाला, "गाडी जड आहे."

दुसऱ्या दिवशी मी बेलापूरच्या ऑफिसातून परत आले, तर हॉलमध्ये गाडीची मागची सीट भिंतीला टेकून उभी होती. शेजारी स्टेपनी, जॅक आणि गुंडाळलेल्या मॅट. सासूबाई त्या सीटकडे पाठ करून टीव्ही बघत होत्या.

"हे कधीपर्यंत इथे?" मी विचारलं.

"तात्पुरतं गं."

ते तात्पुरतं पाच महिने चाललं. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला कराडला आम्ही एसटीने गेलो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना पायऱ्या चढवताना कंडक्टरने मला विचारलं, "घरात गाडी न्हाई का ओ?" काय सांगणार? गाडी आहे, पण बसायला जागा नाही?

मग त्याने रात्रंदिवस व्हिडिओ बघायला सुरुवात केली. परदेशातल्या गाड्या सुटताना मागे बसतात, नाक वर करतात आणि बाणासारख्या जातात. त्याने बॅटरी पुढून काढून डिकीत नेली आणि मागच्या स्प्रिंगा मऊ करून घेतल्या. पुन्हा धावपट्टीवर गेला. या वेळी चाकं आणखीनच फिरली.

एका शनिवारी आम्ही सासूबाईंसाठी कमोडची खुर्ची आणायला निघालो होतो. "दिघ्यात फक्त पाच मिनिटं थांबू," तो म्हणाला. तिथे एक मेस्त्री होता, मूळचा साताऱ्याकडचा. जन्मभर टेम्पो-ट्रकांच्या स्प्रिंगांचं काम केलेला. त्याने गाडीखाली डोकं घातलं, डिकी उघडली, बॅटरीकडे पाहिलं आणि उठून हात पुसू लागला.

"साहेब, ह्या गाडीला कुठली चाकं वढत्यात?"

"पुढची."

"आन् तुमी वझं कुठं नेलं?"

नवऱ्याने डिकीकडे पाहिलं. मेस्त्री माझ्याकडे वळला. "वैनी, गाडी सुटताना झटक्यानं समदं वझं मागं जातंय. नाक उचलतंय. मग पुढची चाकं हलकी पडत्यात आन् फिरत्यात. येवडंच हाय. मागच्या चाकांनी वढणारी गाडी आसती, तर साहेबांचं बरोबर हुतं."

इंजिनीअर झालेल्या माणसाने पाच महिने गाडी उलटी केली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण त्या पाच मिनिटांचे अडीच तास झाले होते आणि माझ्यात त्राण नव्हतं. खुर्चीचं दुकान बंद झालं.

मेस्त्रीने पुढच्या दोन आठवड्यांत बॅटरी जागेवर आणली, मागे कडक स्प्रिंगा घातल्या, म्हणजे गाडी मागे बसणार नाही. पुढचे शॉकअप असे लावले की नाक पटकन उचललं जाणार नाही. रस्त्यावर तिचा नुसता पाट झाला. ऐरोलीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला माझ्या कंबरेत कळ यायची. सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस माझी कवळी उडून काचेवर बसेल."

आणि मग वजनकाटा. पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती, हे कळल्याशिवाय नवऱ्याला झोप येईना. एमआयडीसीतल्या ट्रकांच्या काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवायची, आकडा घ्यायचा, मग अख्खी गाडी. काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "साहेब, मागे तीन ट्रक उभे आहेत!" नवऱ्याने हात जोडले आणि बाहेर उभ्या असलेल्या मला म्हणाला, "एकदा तू बस स्टिअरिंगवर, मी उतरतो."

मी बसले. आकडा चाळीसने खाली आला; ट्रकांचा काटा दहाच्या पटीतच दाखवतो. तो काचेतून माझ्याकडे बघत राहिला. इतक्या कौतुकाने त्याने माझ्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"तुझं वजन किती?"

"चौपन्न."

"मी एक्क्याण्णव," तो म्हणाला. "अगं, मी इतके दिवस मॅट काढत बसलो!"

अशी मी ड्रॅग रेसर झाले. मला विचारलं नाही असं नाही. पण नाही म्हटल्यावर तो जे आठ दिवस बोलला, त्यापेक्षा गाडी चालवणं सोपं होतं.

धावपट्टीवर ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर उसनं हेल्मेट, आत घामाच्या धारा. तिथे पहिल्या साठ फुटांची वेळ वेगळी मोजतात, कारण गाडी कशी सुटली ते त्यातच कळतं. सकाळी नवऱ्याने सरावाच्या दोन फेऱ्या मारल्या होत्या: दोन पूर्णांक आठ सेकंद, दोन पूर्णांक सात. चाकं थोडी का होईना, फिरलीच होती.

"फुल रेस दे आणि क्लच सोड," त्याने खिडकीतून सांगितलं. पहिल्या फेरीत मी तसंच केलं. धूर. दोन पूर्णांक आठ.

दुसऱ्या फेरीला मी त्याचं ऐकलं नाही. ऑफिसला जाताना उड्डाणपुलाच्या चढावर, मागे बस चिकटलेली असताना मी जशी गाडी काढते तशी काढली. रेस बेताची, क्लच अर्धा सोडून गाडीने ओढ घेतली की मगच पुढचा. पाठ सीटला चिकटली. धूर नाही, किंकाळी नाही. दोन पूर्णांक चार.

मेस्त्री आमच्याबरोबर आला होता. तो नुसता हसला. नवरा धावत आला. "बघितलंस? स्प्रिंगांचा परिणाम! आणि चाळीस किलो कमी!"

"स्प्रिंगा सकाळीही याच होत्या," मी म्हणाले.

"म्हणजे वजन. वजनच."

तेव्हा माझं डोकं सटकलं. तंबूच्या खांबांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. संयोजकांना विचारून मी दोन मागून घेतल्या. मेस्त्रीने त्या तिथल्या तपासणीच्या काट्यावर ठेवून वाळू कमीजास्त केली आणि वजन बरोबर सदतीस किलो केलं. "आता मी एक्क्याण्णव," मी म्हणाले. मेस्त्रीने त्या शेजारच्या सीटवर पट्ट्यांनी आवळून बांधल्या, तपासणीवाल्याने ओढून बघितल्या आणि मी पुन्हा रांगेत लागले. अर्धा तास. कुणीतरी विचारलं, "मॅडम, पिशव्या कशाला?" मी म्हटलं, "नवरा आहे."

दोन पूर्णांक चार. पाव मैलाची एकूण वेळ किंचित वाढली, पण साठ फूट तेवढेच.

नवऱ्याने वेळांची छापील चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाला, "पिशव्या पुढच्या सीटवर होत्या ना, त्यामुळे पुढच्या चाकांवर वजन आलं."

मी हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि पाणी प्यायला निघून गेले. मेस्त्रीला मात्र राहवलं नाही. मागून त्याचा आवाज ऐकू आला, "साहेब, वैनींचा डावा पाय बगा की जरा!"

संध्याकाळच्या खऱ्या शर्यतीत मी पहिली फेरी जिंकले आणि दुसरीत हरले. शेजारची गाडी फारच जोरकस होती. तिला हरवण्याची मला आसही नव्हती. पण ती पहिले साठ फूट माझ्या मागे होती, आणि ते मला फार आवडलं. हे मी घरी कबूल केलेलं नाही.

परतीच्या वाटेवर तो चालवत होता. टोलनाक्याच्या रांगेत समोर पाहतच म्हणाला, "क्लच तू नेमका कुठे थांबवतेस?"

मी इतकी वैतागलेली होते की उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण गाडी रांगेत पुन्हा धक्के खात पुढे सरकली, आणि मी म्हणाले, "टाच खाली टेकव आधी. हवेत काय ठेवलायस पाय?"

त्याने टाच टेकवली.