विमल मावशींची तोंडी परीक्षा

काल दुपारी विमल मावशी गेल्या.

त्या असत्या तर ही पोस्ट त्यांनी मला डिलीट करायला लावली असती. म्हणून आजच लिहिते.

दौंडच्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून लागले, तिथं मावशी माझ्या आधी सतरा वर्षांपासून आया होत्या. वरवंडहून रोज पहिल्या एसटीनं यायच्या.

मी अगदी नवीन. एका आजीबाईंना बेडवरून उठवताना माझीच कंबर धरली. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ताकद नका लावू. आधी तिचा हात तुमच्या खांद्यावं घ्या. मंग ती सोताच तुमाला मदत करती."

नर्सिंगच्या कॉलेजात हे मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

मग मॅनेजमेंट बदललं आणि नोटीस लागली. सर्टिफिकेट नसलेल्या आयांना तीन महिन्यांनंतर कामावर ठेवणार नाही.

मावशी सातवी पास. नवरा कधीच वारलेला, घरात शिकणारी नात. या नोकरीवरच सगळं घर.

"ह्या वयात मी कुठल्या शाळंत जाऊ?" एवढंच म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

शोधाशोध केल्यावर कळलं, की काम करत करतच जे शिकलेत त्यांच्यासाठी सोय आहे. थोडे दिवस ट्रेनिंग, मग प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा. पास झालं की सर्टिफिकेट. सेंटर शिरूरला होतं.

मी हौसेनं तयारी करून घेतली. हात धुण्याच्या पायऱ्या, कचऱ्याच्या डब्यांचे रंग. वर एक सल्लाही दिला, फार शहाणी ना मी.

"कामात कधी चूक झाली का असं विचारलं, तर नाही म्हणायचं. विषय संपला."

परीक्षेला मी सोबत गेले. प्रॅक्टिकल त्यांनी डोळे झाकून केलं असतं. पेशंट म्हणून ठेवलेल्या त्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यालासुद्धा म्हणाल्या, "दादा, जरा कुशीवर व्हता का?" बाकीच्या बाया खुसखुसल्या. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग तोंडी. दार उघडंच होतं, मी बाहेरच्या बाकावर.

"मावशी, हे सगळं शिकलात कुठं?"

"वॉर्डात. चुका करून."

मी कपाळावर हात मारला.

"अशी एखादी चूक सांगा."

आणि मावशींनी खरंच सांगितली. हर्नियाच्या ऑपरेशनचा पेशंट होता. सकाळी घशाला कोरड पडली म्हणाला, म्हणून यांनी कपभर चहा दिला. ऑपरेशनआधी तोंडात काही जायचं नसतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. यवतवरून आलेले नातेवाईक ताटकळले, आणि डॉक्टर अख्ख्या वॉर्डासमोर मावशींना बोलले.

"तवापासनं पाण्याचा घोट बी इचारल्याबिगर देत न्हाई."

"पण अशा पेशंटच्या बेडवर 'उपाशी' असा बोर्ड असतो ना? तो नव्हता का?"

मावशींनी एकदा उघड्या दाराकडं पाहिलं.

"बोर्ड असू न्हाईतर नसू, साहेब. इचारायला तोंड माझंच हाय की."

साहेब लिहीत राहिले. मला वाटलं, गेली नोकरी.

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी भांडलेच. एवढं पढवलं होतं, तरी का बोललात?

"चूक झालीच न्हाई म्हणलं, तर शिकले कुठनं हे काय सांगू?"

मावशी पास झाल्या. प्रॅक्टिकलमध्ये त्या बॅचला सगळ्यांत जास्त मार्क त्यांचे. आमच्या हॉस्पिटलात सर्टिफिकेट आणणाऱ्या त्या पहिल्या आया. नंतर मेट्रन नव्या मुलींना आधी त्यांच्याच हाताखाली पाठवायच्या. या दिवाळीपर्यंत मावशी कामावर होत्या.

त्यांच्याएवढी हुशार बाई मी पाहिली नाही. पण ही पोस्ट त्यासाठी नाही.

त्या हर्नियाच्या पेशंटच्या बेडवर बोर्ड नव्हता. तो लावायचं काम माझं होतं. मी विसरले. डॉक्टर ओरडत होते तेव्हा मी औषधांच्या ट्रॉलीजवळ मान खाली घालून उभी होते. मावशींना माहीत होतं. त्यांनी तेव्हाही एकटीनं ऐकून घेतलं आणि परीक्षेतही चूक अंगावर घेतली, स्वतःची नोकरी टांगणीला असताना.

त्या दिवशी एसटीत शेवटी मी विचारलंच, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"परीक्षा माझी व्हती, पोरी. तुझी न्हाई."

एरवी मला कायम सिस्टर म्हणायच्या.

आज मी त्याच वॉर्डाची इनचार्ज आहे. चूक झाली तर लपवू नका, असं नव्या मुलींना रोज सांगते. माझी मात्र आजवर एकीलाही सांगितली नव्हती.

मावशी, बोर्ड मी लावला नव्हता. चूक माझी होती.

या वॉर्डातल्या तुमच्या सगळ्या मुलींकडून तुम्हाला शेवटचा नमस्कार.