विरजण कुणाचं

मुरगूडच्या मंडळींनो, आणि मुरगूड सोडून माझ्यासारखं कुठं कुठं पांगलेल्यांनो, लोक अमेरिकेला जातात, दुबईला जातात. मी कोल्हापूरला गेले. एसटीनं तासाभराचा रस्ता. तरी टेम्पोत गाद्यांवर बसून मी अशी रडले की ड्रायव्हरनं आमच्या ह्यांना विचारलं, "पावणं, मयत जवळचं हाय काय?"

निघताना आईनं फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा हातात दिला होता. आत विरजण. "दूध कुठलंबी घे, विरजण आपलंच ठेव. रोज वाटीभर बाजूला काढायचं. दुसऱ्याच्या दारात मागायला जाऊ नगो."

साल शहाण्णव. ह्यांची नोकरी शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत. पाळ्या फिरत्या, म्हणून बिऱ्हाड हलवतोय, असं गावभर सांगितलं. खरं कारण वेगळं. माझं सासर-माहेर एकाच गल्लीत, लग्नाला पाच वर्षं झालेली, आणि नळावर माझ्या घागरीपेक्षा पोटाकडं जास्त लक्ष. मी कैरी चोखली तरी दोन्ही घरांत बातमी. कोल्हापुरात डॉक्टरकडं गेलेलं कुणाला कळणार नव्हतं.

संशय हा माझा जुना धंदा. दूध नासायच्या आधी मला वास येतो, आणि माणूस खोटं बोलायच्याही आधी, असा माझा दावा. आई म्हणायची, "हिच्या नाकाला सुट्टी न्हाय." कोल्हापुरात तर नाकाला ओव्हरटाइम लागला. दवाखान्यात कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मी मासिकाआड तोंड लपवून बसायची. एकदा नर्सनं येऊन मासिक सुलटं करून दिलं.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, मग टेस्ट ट्यूब बेबीचे प्रयत्नही फसले. अडतिसावं लागलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची बीजं फार थोडी राहिलीत. तुमच्याच बीजावर अजून एकदा करता येईल, पण आशा कमी. पुढं दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कधी, ते आत्ता ठरवा. फसल्यावर रडत रडत ठरवू नका."

"चालंल की," हे लगेच म्हणाले.

एवढ्या लगेच? रिक्षात मी तोंड उघडलं नाही. घरात आल्यावर उघडलं ते मिटलं नाही. "तुम्हाला काय हो, तुमचं असणारच त्यात. मी कोण? नुसती भाड्याची खोली?" ते उठून दुधाखालचा गॅस बारीक करायला गेले. पाठ फिरवली म्हणजे नक्की काहीतरी. मग डॉक्टरीणबाईंवर संशय. मग त्या न पाहिलेल्या बाईवर. कोण असेल, कसली असेल? मंडईत भाजीपेक्षा बायकांची नाकं निरखायला लागले. आणि खरी धास्ती तुमची होती. आपल्याकडं बाळ बघायला आलेल्या बायका बाळाची वाटणी करूनच उठतात. कपाळ आजोबांचं, कान आत्याचे, बोटं मामाची. त्या वाटणीत माझ्या नावावर काहीच चढलं नाही तर?

त्याच थंडीत आई राहायला आली. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. ताटात दही वाढलं. तिनं बोटानं चाखलं आणि म्हणाली, "व्हय गं, आपलंच. एवढी वर्सं टिकवलंस की!" मी फुगले. तेवढ्यात ह्यांना ठसका लागला. ठसका मला खरा वाटला नाही.

आई गावी गेल्यावर धरलंच त्यांना. "कसला हो ठसका?"

"अगं, तू भावाच्या लग्नाला गेलतीस न्हवं? तवा वाटी काढून ठेवायची इसरलो. सगळं दही खाऊन टाकलं. मग चौगुले वहिनींकडनं आणलं वाटीभर."

"म्हणजे आपण आलो त्याच वर्षी?"

"व्हय."

चौगुले वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या जैन घरातल्या. एवढी वर्षं मी माहेर म्हणून त्यांचं विरजण खात होते! तरातरा जाऊन पातेलं हुंगलं. मुरगूडचाच वास. परत हुंगलं. मुरगूडच. माझ्या नाकाचा एवढा अपमान कधी झाला नव्हता. आणि आईच्या जिभेचं काय?

रुसून दोन दिवस मी दह्याला शिवले नाही. मग दूध तापवलं, कोमट झालेलं बोटानं बघितलं, त्याच दह्याचं विरजण लावलं. थंडी होती म्हणून पातेलं जुन्या शालीत गुंडाळलं. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "एकदा माझ्या बीजावर. एकदाच. न्हाय जमलं तर दुसरीचं."

या वेळी ते लगेच 'चालंल' म्हणाले नाहीत. म्हणाले, "भाड्याची खोली म्हणालतीस. ते परत म्हणू नगो."

माझ्या बीजावर जमलं नाही. रडले भरपूर, पण ठरवायचं काही शिल्लक नव्हतं.

पुढच्या वर्षी लेक झाली. तिला घेऊन मुरगूडला आले आणि तुम्ही वाटणीला बसलात. कपाळ सासऱ्यांचं, रंग ह्यांचा, हनुवटी आत्याची. मी एकेक वाटा मोजत बसलेली. कुणीतरी म्हणालं, "आईचं काय बरं घेतलंय हिनं?" तशी आईनं पोर उचलून पदराखाली घेतली. "बास आता. पोरगी अख्खी ऱ्हाऊ द्या."

तिला ठाऊक होतं का? विचारायचं धाडस झालं नाही. आता ती नाही. हा एक संशय मी जपून ठेवलाय.

लेकीला कळत्या वयात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुरगूडला पण सांग की." म्हणून हे लिहिणं.

आणखी एक. आईच्या माघारी घरातलं विरजण मोडलं, तेव्हा भावजयीला मीच कोल्हापूरहून डबा नेऊन दिला. परवा भावाकडं जेवायला होतात, दही दोनदा मागून घेतलंत, "आपल्या घरचं ते आपल्या घरचं" म्हणालात. ते चौगुले वहिनींचं. आणि वाढत होती, जिच्या डोक्यावरून हात फिरवून "आपलीच पोर" म्हणालात, ती माझी लेक. आता शब्द माघारी घ्यायचा न्हाय.